जिभेखालचा खडा

संपादकांची अट एकच होती: लेखात लॅटिन नको. मी हो म्हटलं. फोनवर हो म्हणायला काय जातं? पण लाळेच्या खड्याबद्दल लिहायचं तर निदान एका नळीचं नाव घ्यावंच लागतं. थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरांनी १६५६ साली ग्रंथींवर पुस्तक लिहिलं, त्यात हिचं वर्णन आहे, म्हणून ती व्हार्टनची नळी. जबड्याखालच्या लाळग्रंथीतून निघून ती तोंडाच्या तळातून पुढे येते आणि जिभेखाली मधोमध जो पातळ पडदा ताणलेला दिसतो त्याच्या शेजारी उघडते. आरशासमोर जीभ टाळूला लावा आणि लिंबू आठवा. तिथं थेंब येताना दिसेल.

लाळेचे पाचातले चार खडे याच ग्रंथीत होतात. इथली लाळ घट्ट, तिच्यात कॅल्शियम जास्त, नळी पाचेक सेंटिमीटर लांब. त्यात ग्रंथी खाली आणि तोंड वर, म्हणजे लाळेला चढ चढावा लागतो. कुठंतरी साका बसतो आणि त्यावर थरावर थर चढत जातात. खडा वर्षाला साधारण मिलिमीटरभर वाढतो असं मानतात. दीड सेंटिमीटरच्या पुढं गेला की आम्ही त्याला महाकाय म्हणतो. हसू नका. नळीची रुंदी दोन-तीन मिलिमीटर असते.

रुग्णाची तक्रार एका वाक्याची असते: ‘जेवायला बसलं की इथं सुजतं, नंतर आपोआप उतरतं.’ निदान तिथंच झालेलं असतं. तरी माणसं माझ्याकडे येतात ती एखादी दाढ काढून, गालगुंड म्हणून लेप लावून, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स करून. तंबाखू खाणारा असेल तर कॅन्सरच्या धास्तीनं वजन घटवून. फाइल जाडजूड असते, आणि तोंडात बोट मात्र कुणीही घातलेलं नसतं. एका हाताचं बोट जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली, आणि मागून पुढं चाचपत यायचं. पुढून मागं नाही, नाहीतर खडा ग्रंथीकडे सरकतो. एवढा मोठा खडा नळीत असेल तर बोटाला लागतोच. सोनोग्राफी त्यानंतर. नेमकी जागा ठरवायला साधा सीटी स्कॅन. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून खडा नाही असं समजू नये. सगळे खडे एक्स-रेत उमटत नाहीत.

मग प्रश्न सुरू होतात. टोमॅटो बंद करू? दूध? पाषाणभेदाचा काढा चालेल? मूतखड्याशी याचं काही नातं नाही, हे सांगून सांगून मी थकले आहे. रक्तातलं कॅल्शियम बहुतेकांचं नॉर्मल असतं. भरपूर पाणी, आंबट काहीतरी चघळणं आणि ग्रंथी मागून पुढं चोळणं यानं बारीक खडा निसटून जातो, हे खरं. खारकेच्या बीएवढा झालेला खडा कसा निसटणार?

आता आमचं भांडण. जुनी शिकवण अशी, की खडा मोठा आणि मागे, ग्रंथीच्या दाराशी असेल तर ग्रंथीच काढून टाका. तेवढी वर्षं तुंबलेली ग्रंथी कामातून गेलेलीच असणार, असं त्यामागचं गृहीत. मला ते पटत नाही. किती वर्षं त्रास झाला यावरून ग्रंथी किती बिघडली हे सांगता येत नाही. वाट मोकळी केली की निकामी वाटलेल्या ग्रंथी पुन्हा लाळ देऊ लागतात; टेक्नेशियमच्या स्कॅनवर ते दिसतं. मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीनं चार मिलिमीटरपर्यंतचे खडे टोपलीत धरून ओढता येतात, जर्मनीत ध्वनिलहरींनी ते फोडायचं तंत्र निघालं, पण महाकाय खड्यापुढं हे सगळं अपुरं पडतं. तिथं तोंडातूनच जावं लागतं. मदतनीस मानेकडून ग्रंथी वर ढकलून धरतो, तोंडाच्या तळाला छेद घ्यायचा, नळी शोधायची. तिच्या खालून जिभेचा मज्जातंतू आडवा जातो. तो दिसल्याशिवाय पुढं सरकायचं नाही; दुखावला तर अर्धी जीभ बधिर. मग खड्यावरच नळी उघडायची. पिवळट, खरबरीत खडा बाहेर येतो, त्यामागून गढूळ पाणी, आणि मग स्वच्छ लाळ. ती पाहिली की दिवस चांगला जातो, हे कबूल करायला हरकत नाही. नळीला घट्ट टाके घालायचे नाहीत, नाहीतर ती आवळते.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘हा तुझा हट्ट रुग्णासाठी नाही, हाताच्या हौसेसाठी आहे.’ मी उत्तर देते: मानेवर व्रण नाही, ओठाचा कोपरा हलवणारा तंतू दुखावायची भीती नाही. ते मान हलवतात. पटल्याची ती खूण नव्हे.

गेल्या पावसाळ्यात एक एसटी ड्रायव्हर आले. बावीस मिलिमीटरचा खडा, अगदी ग्रंथीच्या दाराशी. डबा उघडला की सुजायचं, म्हणून ड्यूटीवर जेवणच सोडलेलं. चहा-बिस्किटावर गाडी चालायची. मी कागदावर चित्र काढून ग्रंथी वाचवायचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘मॅडम, गाठ काढली तर परत व्हईल का?’

‘त्या ग्रंथीत नाही.’

‘अन् ठेवली तर?’

‘होऊ शकतो. नळी आवळू शकते. बहुतेकांना होत नाही.’

‘रजा एकदाच मिळती. काढूनच टाका.’

लाळ रोज लिटरभर तयार होते, सहांतली एक मोठी ग्रंथी गेली तर तोंड कोरडं पडत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. माझ्याच वाक्यानं माझा मुद्दा पाडला. मग मी ग्रंथी काढली. तंतू जपला, ओठ सरळ राहिला.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट टाके काढायच्या दिवशी आला: थोडा भाग सुजलेला, बाकी बरीचशी ग्रंथी निरोगी. मी तो त्यांना वाचून दाखवला, जरा सावकाशच.

‘कॅन्सर नाही ना?’

‘नाही.’

‘मग झालं की.’

त्या सकाळी ते भाकरी आणि लिंबाचं लोणचं खाऊन आले होते. सूज अर्थातच नव्हती. सुजायला काही उरलंच नव्हतं.