कोपरे आणि खोल्या : खराडीची टिपणे

कॉर्नरच्या प्लॉटला भाव जास्त. दोन बाजूंनी रस्ता, दोन बाजूंनी उजेड, खाली गाळे काढले तर गिऱ्हाईकही दोन्हीकडून. पण या प्लॉटच्या मालकावर एक जादा बंधन आहे आणि खरेदीखताच्या वेळी ते सहसा कोणी सांगत नाही. पुढची सीमाभिंत रस्त्याच्या मध्यापासून मोजून दीड मीटरपर्यंत उंच चालते. कोपऱ्यावर मात्र, दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही अंगांना दहा मीटरपर्यंत, भरीव भिंत पाऊण मीटरच्या वर नेता येत नाही. उरलेली उंची हवीच असेल तर ग्रील किंवा जाळी, म्हणजे आरपार दिसेल असे काही. राष्ट्रीय इमारत संहितेत हे आहे आणि राज्याने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही आहे.

हा नियम मला फार आवडतो. घराच्या आत काय चालते याची तो चौकशी करत नाही. पलीकडून येणारे माणूस दिसू द्या, एवढेच मागतो.

*

पाऊण मीटरच का? रस्त्यांचे आराखडे करताना भारतीय रस्ते काँग्रेसची मानके मोटारचालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर धरतात. पाऊण मीटर भिंतीवरून त्याला पलीकडचे दिसते. तीन-चार वर्षांचे मूल साधारण एक मीटर उंच असते. त्या भिंतीमागून त्याचे डोके दिसते. भिंत दीड मीटरची झाली की मूल, कुत्रे, सायकल, बसकी स्कूटी, सगळे एकदम नाहीसे होते.

वेगाचाही हिशेब करून पाहावा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडे जास्त. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत मानके अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी वीस-एकवीस मीटर पुढे गेलेली असते, आणि पूर्ण थांबायला एकंदर ३० मीटर लागतात. ताशी ४० ला ४५ मीटर. आमच्या आतल्या गल्लीत डाव्या हाताची भिंत रस्त्याला चिकटून उंच उभी असेल, तर बाजूच्या गल्लीतला माणूस दिसतो तेव्हा मधे चार-पाच मीटर उरलेले असतात. तिथे चालकाचे कौशल्य, हॉर्न, आरसा यांतले काहीही पुरेसे पडत नाही.

*

खराडी १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याआधीची वस्ती, चंदननगरची दाटी, पठारे वस्ती, थिटे नगर हे सगळे एका चालीने वाढले. ईऑन आयटी पार्कच्या भोवतालचे रुंद रस्ते आणि मनोरे दुसऱ्या चालीने. मनोऱ्यांच्या भागात कोपऱ्यावर नकाशातच वळण गोल केलेले असते. काटकोनात मिळणाऱ्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर प्लॉटचे टोक छाटून गोलाई द्यायची आणि गोलाईची स्पर्शरेषा रस्त्याच्या निम्म्या रुंदीइतकी ठेवायची, हा त्यामागचा नियम. नऊ मीटरच्या दोन गल्ल्या मिळत असतील तर प्रत्येक अंगाला साडेचार मीटर. दोन-चार एकरांच्या प्रकल्पाला एवढी जागा सोडणे जड जात नाही.

आता गुंठ्याचे पाहू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. चौरस धरला तर दहा बाय दहा. कोपऱ्यावरच्या अशा प्लॉटला दहा मीटरचा नियम लावला की रस्त्याकडच्या दोन्ही बाजू टोकापासून टोकापर्यंत नियमाखाली येतात, आणि गोलाईत टोक जाते ते वेगळेच. मोठ्या बिल्डरकडून हा नियम फक्त एक कोपरा मागतो, गुंठेवाल्याकडून मात्र रस्त्याकडचा सगळा आडोसा. त्यात जिन्याला, मोटारसायकलीला, पाण्याच्या टाकीला जागा नाही म्हणून भिंत हद्दीवर, पहिला मजला हद्दीच्या बाहेर. गावाकडची जमीन विकून किंवा भिशी लावून घेतलेला तो प्लॉट असतो. त्याच्यावर राग धरवत नाही.

पण मूलही त्याच गल्लीतून शाळेत जाते.

*

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. मालक तेव्हा स्वतःहून अर्ज करतो, शुल्क भरतो, नकाशा देतो. कोपरा सुधारायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. घर पाडायची गरज नाही. तळमजल्याच्या टोकाची भिंत काढून तिथे तिरका छाट द्यायचा, वरचा मजला खांबावर तसाच राहू द्यायचा, सीमाभिंत उतरवून ग्रील बसवायचे. अशी अट घालावी आणि त्या बदल्यात शुल्कात भरघोस सूट द्यावी. ज्याने एका गुंठ्यातला कोपरा सर्वांना दिला, त्याला शहराने काहीतरी परत द्यायलाच हवे.

*

भिंत नियमात असली तरी कोपरा मोकळा असतोच असे नाही. विजेची पेटी, केबलचे वेटोळे, उभा टँकर, वाढदिवसाचा फ्लेक्स. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर सविस्तर निकाल दिला, आणि विद्रूपीकरणाविरुद्धचा राज्याचा कायदा तर १९९५ चा आहे. त्या निकालानंतरही चौकातले फलक थांबलेले नाहीत. फ्लेक्स बरोबर डोळ्याच्या उंचीवर बांधतात, कारण तो वाचला जावा असे वाटते. म्हणूनच तो जास्त घातक.

*

चहाच्या टपरीबद्दल मात्र थांबून विचार करावा लागतो. संध्याकाळी शिफ्ट सुटली की कोपऱ्यावर माणसे जमतात. वडापाव, भुर्जी, मक्याची कणसे. रात्री अकराला बसमधून उतरणाऱ्या मुलीला त्या टपरीचा दिवा आणि तिथली दोन ओळखीची माणसे यांचा आधार असतो. टपरी उचलून नेली तर रस्ता दिसायला मोकळा होईल, पण तिथे बघायला कोणी उरणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती आणि विक्रीसाठी नेमलेल्या जागा यांची सोय केली आहे. तिचा उपयोग करून टपरी कोपऱ्यापासून दहा-पंधरा मीटर आत सरकवावी, विक्रेत्याला तिथे कायमची रेघ मारून द्यावी. कोपरा दिसेल आणि त्याचा धंदाही राहील.

झाडाचेही तसेच. बुंध्यामुळे फारसे अडत नाही, डोके एका बाजूला केले की पलीकडचे दिसते. अडवतात त्या खालच्या फांद्या आणि हौसेने लावलेली मेंदी-कण्हेरीची कुंपणे. फांद्या छाटायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती घ्यावी. कोपरा मोकळा करतो म्हणून झाडच तोडण्याचे प्रकार होतात, त्याला माझा विरोध आहे.

*

“फॅमिली की बॅचलर?” खराडीत भाड्याने घर पाहायला गेलेल्या कोणालाही ब्रोकरचा हा पहिला प्रश्न. बजेट, फर्निचर, डिपॉझिट नंतर.

नवरा-बायको, दोन मुले, सासू-सासरे, शिकायला आलेला भाचा: टू-बीएचकेत सात माणसे. कोणी विचारत नाही, विचारूही नये. त्याच फ्लॅटमध्ये लातूर, चंद्रपूर आणि जळगावच्या तीन नोकरदार मुली राहणार म्हटले की नियम पुढे येतात. दोनच जणी राहा. पाहुणे नकोत. दहानंतर गेटवर नोंद. आई-वडील रात्री राहणार असतील तर आधी कळवा.

यातला कुठला नियम सरकारने केलेला नाही. एका घरात एकमेकांच्या नात्यात नसलेली किती माणसे राहू शकतात याची मर्यादा पुण्याच्या विकास नियमांत नाही. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींत अविवाहितांना मनाई नाही. सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना संस्थेला आधी कळवायचे, करारनाम्याची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची. संस्थेची परवानगी लागत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून संस्था घेते ते भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरले, आणि मॉन्ट ब्लँक सोसायटीच्या खटल्यात २००७ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले.

म्हणजे कोपऱ्याचा नियम छापलेला आहे, तो कोणी मोजायला येत नाही. घरातल्या माणसांच्या नात्यांचा नियम कुठेच छापलेला नाही, तो रोज गेटवर अमलात येतो. खराडीत मला खुपते ते हेच.

*

अमेरिकेत असे नियम गावांनी खरोखर लिहून ठेवले. न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेर या छोट्या गावाचा नियम होता की रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याची कितीही माणसे एका घरात राहोत, बिगरनात्याची दोनच. सहा विद्यार्थ्यांनी एक घर भाड्याने घेतले. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला.

तीनच वर्षांनी ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलँडचा खटला आला. इनेझ मूर नावाच्या आजी आपला मुलगा आणि दोन नातवांसह राहत होत्या. नातू एकमेकांचे चुलत भाऊ. एकाची आई वारली म्हणून तो आजीकडे आलेला. शहराच्या व्याख्येत एकाच मुलाची संतती बसत होती, दुसऱ्याची नाही. आजीला पाच दिवसांची कैद आणि २५ डॉलर दंड. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्याख्या रद्द केली, तीही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने.

चुलत भाऊ एका ताटात जेवलेल्या आपल्यासारख्यांना ही हकिगत वाचून धक्का बसतो. तोच धक्का बेल टेरच्या विद्यार्थ्यांबद्दलही बसायला हवा. घरात कोण कोणाचे काय लागते हे शहर तपासू लागले, की कधीतरी ते आजीच्या दारातही येतेच.

*

पुण्याला परकी पोरे नवी नाहीत. वार लावून जेवणारे विद्यार्थी होते. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. पेठांत वाड्यातल्या खोल्या कॉट बेसिसवर जायच्या, एका खोलीत चार खाटा आणि भिंतीला चार खुंट्या. खानावळवाल्या काकू महिनाअखेरीला उधार ठेवायच्या. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली ती खेड्यातल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणून. या सगळ्यात जाचही होता, जातही आडवी यायची. ते विसरून चालणार नाही. पण शिकायला-कमवायला आलेल्या पोराला छप्पर मिळाले पाहिजे हे शहराने आपले काम मानले होते. आज खराडीच्या सोसायट्यांत फ्लॅट घेतलेल्या अनेकांनी पुण्यातली पहिली वर्षे अशाच खाटेवर काढली आहेत.

*

सोसायटीच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे: पाणी. टाकीचा आणि सांडपाण्याचा हिशेब माणशी रोज १३५ लिटर आणि घरात पाच माणसे असा धरतात, म्हणजे फ्लॅटमागे ६७५ लिटर. भामा-आसखेडचे पाणी २०२१ च्या सुरुवातीला पूर्व पुण्याला मिळू लागले, तरी उन्हाळ्यात टँकर लागतातच आणि त्याचे बिल सर्वांत समान वाटले जाते. मग ज्या फ्लॅटमध्ये सहा माणसे, त्याच्याकडे बोट जाते. उपाय फ्लॅटवार मीटर. जो जितके वापरेल तितके देईल, लग्न झालेले असो वा नसो. आवाजाचेही तसेच, रात्री अकरानंतर मोठ्याने गाणी लावणे कुटुंबालाही बंद हवे.

*

दाटीचे खरे भय वेगळ्या ठिकाणी आहे. दोन गुंठ्यांवर पाच मजले, प्रत्येक मजल्यावर प्लायवूडने पाडलेल्या खोल्या, ट्रिपल शेअरिंग, एकच अरुंद जिना आणि जिन्याखाली विजेचे मीटर व चार्जिंगला लावलेल्या स्कूटर. अशा पीजीत राहणाऱ्यांना कोणी “फॅमिली की बॅचलर” विचारत नाही, आणि जिना किती रुंद हेही कोणी विचारत नाही. भाडे कायद्यातला पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच घराचा भाग वापरणारा पाहुणा. ही पाच मजली इमारत त्या व्याख्येत बसत नाही. ते वसतिगृह आहे.

इमारत संहिता निवासी इमारतीत माणशी १२.५ चौरस मीटर धरते. ही राहण्याची मर्यादा नव्हे. आग लागली तर किती माणसे जिन्यावर येतील, त्यावरून जिना किती रुंद हवा हे काढण्याचा तो आकडा. इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार पाच किंवा अधिक माणसे, एकाहून अधिक कुटुंबांची, एका घरात राहत असतील तर मालकाला परवाना घ्यावा लागतो. खोलीचे माप, सुटकेची वाट, धुराची सूचना देणारे यंत्र हे त्यात पाहतात. आपल्याकडे २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतींना दर जानेवारी-जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. पीजी चालवणाऱ्यांची नोंद क्षेत्रीय कार्यालयात व्हावी, जिना आणि मीटरची जागा दरवर्षी तपासावी. राहणाऱ्याचे वय, गाव, लग्न यांची नोंद त्यात लागत नाही.

*

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे ठेवायच्या ठरावाचा कच्चा मसुदा: “संस्थेच्या कॉर्नरकडील सीमाभिंतीचा दोन्ही बाजूंचा दहा मीटर भाग पाऊण मीटरपर्यंत उतरवून वर ग्रील बसवावे, खर्च सिंकिंग फंडातून न करता दुरुस्ती निधीतून करावा. फ्लॅटवार पाणीमीटरसाठी तीन दरपत्रके मागवावीत. अविवाहित भाडेकरूंबाबतची मनाई उपविधींत नसल्याने गेटवरील फलक काढावा आणि सुरक्षारक्षकांना तशी लेखी सूचना द्यावी.” सूचक मी. अनुमोदनासाठी बी विंगमधल्या, स्वतःचा फ्लॅट तीन परिचारिकांना भाड्याने देऊ इच्छिणाऱ्या बाईंना विचारले आहे; त्या सही करणार आहेत.