लाकडात कोरलेला आहेर

लग्नाचा आहेर निवडणे वाटते तितके सोपे नाही. भांडी, घड्याळे, चादरी यांनी नवदांपत्याचे घर भरून जाते, आणि वर्ष उलटते न उलटते तोच कोणी काय दिले याची आठवणही बुजते. डिचोलीस माझ्या भाचीचे लग्न ठरले, तेव्हा तिच्या घरी एकच गोष्ट उणी होती, व ती कोणत्याही दुकानात मिळणारी नव्हती. ती सहा वर्षांची असतानाच तिचे वडील देवाघरी गेले. ते खाणीवर कामाला असत. लेकीला कडेवर घेतलेले त्यांचे एक लहानसे छायाचित्र तेवढे मागे राहिले होते. त्याच्याही कडा पावसाळी ओलीने खाल्ल्या होत्या. ते चित्र लाकडात कापून भाचीस द्यावे, असे माझ्या मनात आले.

बहिणीस हे प्रथम रुचले नाही. "मंगलकार्यात गेलेल्या माणसाचे दुःख कशाला जागवायचे, दादा? पोरगी रडेल," ती म्हणाली. तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. मी एवढेच म्हटले की, मांडवात ज्याची जागा रिकामी राहणार, त्याला आपण सारे विसरलो असे मुलीस वाटले तर ते रडण्याहून वाईट. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "कर, पण मागे काळे कापड लावू नकोस."

या कामाची रीत अशी. छायाचित्र मोठे करून त्यातील उजेड व सावली एवढीच ठेवायची, मधल्या छटा सोडून द्यायच्या. हे रेखाटन कार्बन कागदाने चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडवर उतरवायचे. साध्या पातळ फळीचे नाजूक भाग मोडण्याचे भय असते; प्लायवूडचे थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्यामुळे ते दोन्ही अंगांनी टिकते. मग सावलीच्या प्रत्येक तुकड्यात गिरमिटाने छिद्र पाडून त्यातून बारीक पाते ओवायचे, त्याची दोन्ही टोके ताणून बसवायची, आणि तो तुकडा कापून काढायचा. डोळ्यांसारखे आतले बारीक काप आधी व मोठे काप शेवटी घेतात, म्हणजे फळी हातात भक्कम राहते. हाताने चालविण्याच्या अशा करवतीस फ्रेट सॉ म्हणतात, आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रास स्क्रोल सॉ. शेजारच्या मेस्ताकडे असे यंत्र आहे. तो हिंदू; पण हे काम कशासाठी आहे हे कळताच त्याने रोज संध्याकाळी ते मला वापरू दिले. जुन्या गोव्याच्या इगर्जांतील कोरीव काम करणाऱ्यांत हिंदू कारागीरही होतेच. तेव्हा हा शेजारधर्म आमच्याकडे नवा नाही.

अशा चित्रात जे कापून टाकतो ती सावली होते आणि जे उरते तो उजेड. परंतु उरलेला प्रत्येक भाग कोठे तरी मूळ फळीस जोडलेला असावा लागतो. नाहीतर तो गळून पडतो. वडिलांचा चेहरा मानेने व खांद्याने जोडला गेला. मुलीचा चेहरा मात्र चोहीकडून सावलीने वेढलेला होता. तो टिकावा कसा? छायाचित्र पुन्हा निरखून पाहिले, तेव्हा तिचा चिमुकला हात वडिलांच्या मानेवर असलेला दिसला. तो हात तेवढा अखंड ठेवला, आणि त्याच्या आधारावर तिचा सारा चेहरा तगून राहिला.

चौकटीसाठी भाचीच्या घरचीच एक जुनी फणसाची फळी घेतली. फणसाचे लाकूड आरंभी पिवळे असते. वयाबरोबर त्यास गडद तांबूस रंग चढतो. फळी रंधून चार पट्ट्या केल्या व प्रत्येकीचे टोक पंचेचाळीस अंशांत कापले. सरस लावल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही अंतरे मोजली; ती सारखी भरली म्हणजे चौकट काटकोनात आहे असे समजावे. सगळे काचकागदाने घासून मागे गर्द तपकिरी कापड लावले.

लग्नाच्या आदल्या दिवशी रोसाचा विधी आटोपल्यावर ते भाचीच्या हाती दिले. ती रडली नाही. वडिलांच्या मानेवरील त्या इवल्या हातावरून तिने बोट फिरविले आणि आईला विचारले, "हा माझाच ना?" रडली ती माझी बहीण; आणि ते अश्रू पुसण्याची कोणासही घाई नव्हती.

पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण ठरविला. हाताच्या कामाला प्रार्थनेइतकाच मान आहे, हे सुताराच्या त्या घराने जगास शिकविले. वाचकहो, आपल्या घरी लग्न निघाले तर बाजारात जाण्याआधी क्षणभर विचार करावा: या घरात उणे काय आहे, आणि ते भरून काढण्यासाठी आपल्या हातांना काय करता येईल? नवे घर उभे राहते तेही जुन्या नात्यांना धरूनच. तो धरलेला हात आपल्याकडून कापला जाऊ नये, एवढे जपले तरी पुष्कळ झाले.