हजेरीपटावरील नांव

रोज सकाळीं प्रार्थना आटोपली म्हणजे वर्गांत येऊन मी हजेरी घेतों. मुलें ‘हजर’ म्हणतात, मी खूण करतों, आणि दोन-तीन मिनिटांत तें काम उरकतें. वीस वर्षें मी हें करीत आलों आहें. पण त्यांतील पहिलीं कित्येक वर्षें तें मला निव्वळ कारकुनी वाटत असे. शिकविणें हें खरें काम, हजेरी ही तपासनीस साहेबांसाठीं! माझा हा गैरसमज दोघींनीं दूर केला. एक माझ्या वर्गांतील एका मुलाची आई, आणि दुसरी अमेरिकेंतील क्लारा बार्टन.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक मुलगा शाळेंत येईनासा झाला. मुलगा अबोल, मागच्या बाकावर बसणारा. तो नाहीं हें वर्गालाहि फारसें जाणवलें नाहीं. ठरलेले दिवस भरल्यावर मीं नियमाप्रमाणें त्याच्या नांवावर तांबड्या शाईची रेघ ओढली. त्याचें घर शाळेपासून फार तर एका मैलावर. पण मी तेथें गेलों नाहीं. दीड महिन्यानें त्याची आई शाळेंत आली. मुलगा विषमज्वरानें अंथरुणास खिळला होता, आणि घरांत लिहितां येणारें दुसरें कोणी नसल्यामुळें अर्ज आला नव्हता. ती म्हणाली, “मास्तर, त्याचं नांव अजून पटावर आहे ना? रोज सकाळीं विचारतो, आतां माझं नांव घेतलं असेल का?” मीं पट मिटून घेतला. तिला काय उत्तर दिलें तें मला आठवत नाहीं.

त्याच सुमारास बार्टनबाईंचें चरित्र माझ्या वाचनांत आलें. त्यांचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजीं, म्हणजे नाताळच्याच दिवशीं, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थ ऑक्सफर्ड येथें झाला. लहानपणीं ही मुलगी अत्यंत लाजाळू होती. ती अकरा वर्षांची असतांना तिचा भाऊ डेव्हिड छपरावरून पडला. तेव्हां सुमारें दोन वर्षें तिनें त्याची शुश्रूषा केली. शुश्रूषेचें शिक्षण तिला मिळालें तें एवढेंच. सतराव्या वर्षीं ती शिक्षिका झाली. १८५२ सालीं न्यू जर्सी संस्थानांत बॉर्डनटाऊन येथें तिनें मोफत शाळा चालवून भरभराटीस आणली. पण शाळा मोठी होतांच तिच्यावर एका पुरुषास अधिक पगार देऊन मुख्य नेमण्यांत आलें, म्हणून तिनें ती शाळा सोडली.

१८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध सुरू झालें. बार्टनबाई तेव्हां वॉशिंग्टन येथें पेटंट कचेरींत नोकरीस होत्या. प्रथम त्यांनीं जखमी सैनिकांसाठीं अन्न, कपडे व पट्ट्या गोळा केल्या. आणि १८६२ सालीं थेट रणभूमीवर जाण्याची परवानगी मिळविली. त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं अँटीटमची लढाई झाली. तेथें पट्ट्या संपल्यामुळें शस्त्रवैद्य मक्याच्या पानांनीं जखमा बांधीत होते, इतक्यांत बाईंची सामानाची गाडी पोंचली. एका जखमी सैनिकास त्या पाणी पाजीत असतां एक गोळी त्यांच्या बाहींतून आरपार गेली, आणि तो सैनिक जागींच गतप्राण झाला.

ही गोष्ट मुलांना फार आवडते. परंतु मला त्यांचें मोठेपण अधिक दिसलें तें लढाई थांबल्यावर. १८६५ सालीं युद्ध संपलें. हजारों घरीं मुलगा परतला नाहीं, आणि तो मेला कीं जिवंत आहे हेंहि कळेना. बाईंनीं वॉशिंग्टन येथें आपल्या बिऱ्हाडींच बेपत्ता सैनिकांच्या शोधाची कचेरी उघडली. नांवांच्या याद्या छापून गांवोगांवीं पाठविल्या. १८६८ पर्यंत त्यांच्याकडे ६३,००० हून अधिक पत्रें आलीं, आणि २२,००० हून अधिक सैनिकांचें काय झालें तें त्यांनीं शोधून काढलें.

जॉर्जिया संस्थानांतील अँडरसनव्हिल येथील कैदेंत उत्तरेकडील सुमारें १३,००० सैनिक मरण पावले होते. तेथें मृतांची नोंद ठेवण्याचें काम डोरेन्स ॲटवॉटर नांवाच्या एका तरुण कैद्याकडे होतें. ती नोंद पुढें नाहींशी होईल या भीतीनें त्यानें गुप्तपणें तिची नक्कल करून ठेविली. १८६५ च्या उन्हाळ्यांत बार्टनबाई त्याच्यासह सरकारी मंडळींबरोबर तेथें गेल्या, आणि या नोंदींच्या आधारें बहुतेक थडग्यांवर नांवें लागलीं. आयांना मिळालें तें उत्तर दुःखाचेंच होतें. पण आपल्या मुलाचें नांव कोणीतरी लिहून ठेविलें होतें, एवढें तरी त्यांना कळलें.

पुढें १८८१ सालीं बाईंनीं अमेरिकेंत रेडक्रॉस संस्था स्थापिली. १८८९ सालीं जॉन्सटाऊन येथें महापूर आला तेव्हां ६७ व्या वर्षीं त्या मदतीस गेल्या आणि कित्येक महिने तेथें राहिल्या. १२ एप्रिल १९१२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

नव्याण्णव मेंढरें सोडून एकास शोधावयास गेलेल्या मेंढपाळाची गोष्ट आपण उपासनेंत ऐकतों. तो मेंढरें मोजीत होता, म्हणूनच एक कमी असल्याचें त्याला कळलें. मीहि रोज मोजीत होतों. पण शोधावयास निघालों नाहीं.

त्या दिवशीं संध्याकाळीं मी त्या मुलाच्या घरीं गेलों. दुसऱ्या दिवशीं मुख्याध्यापकांच्या परवानगीनें त्याचें नांव पटाच्या शेवटीं पुन्हा लिहिलें, आणि तो येईपर्यंत रोज मोठ्यानें पुकारलें. वर्गांतील एक मुलगा उठून ‘आजारी’ म्हणे, आणि शाळा सुटल्यावर त्याच्या घरीं जाऊन ‘आज तुझें नांव घेतलें’ असें सांगे. तो बरा होऊन परत आला. तांबडी रेघ मात्र त्या वर्षाच्या पटावर तशीच राहिली.

विद्यार्थी मित्रहो, रणांगण आपणांपैकीं बहुतेकांच्या वांट्यास येणार नाहीं, आणि न येवो. पण शेजारची जागा दोन दिवस रिकामी दिसली तर चौकशी करणें आपल्या हातीं आहे. पालकांसहि विनंति कीं, मूल येऊं शकत नसेल तर निरोप पाठवावा. आणि निरोप आला नाहीं, तर आम्हीच आपल्या दारीं येऊं.