सातेरीचे पालन आणि पावसाळ्याचा हिशोब

शेतीला जोडधंदा म्हणून मधमाशीपालन सुरू करताना पेट्या किती घ्याव्यात आणि मध किती निघेल, याचाच हिशोब बहुधा आधी मांडला जातो. परंतु वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वर परिसरात या धंद्याचे गणित पावसाळ्यात किती वसाहती तग धरतात यावर ठरते. वसाहत म्हणजे एक राणी, काही हजार कामकरी माश्या आणि हंगामापुरते नर यांचा एकत्र संसार. या डोंगरांत पेटीत पाळली जाते ती प्रामुख्याने सातेरी माशी; झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधण्याची तिची मूळ सवय असल्यामुळे ती पेटीतील चौकटींवर नांदते, तर उघड्यावर एकच मोठे पोळे लावणारी आग्या माशी पेटीत राहत नाही.

प्रस्तुत लेखकाने शेताच्या बांधावर सातेरीच्या पेट्या मांडल्या त्या वर्षी जांभूळ आणि हिरडा यांच्या फुलोऱ्याने उन्हाळ्यात चांगली साथ दिली, आणि पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) कोठीवरचा मध साठवण्याचा मजला, म्हणजे मधकोठी, भरून आली. उघड्या घरांतील मधात पाण्याचा अंश जास्त राहून तो आंबत असल्याने मेणाने बंद झालेल्या घरांतीलच मध काढावा, हा नियम पाळणे सोपे गेले. पिलाव्याच्या पोळ्यांतील साठ्याला हात न लावण्याचा नियम मात्र, मध काढण्याचे यंत्र समोर फिरत असताना, मनाची परीक्षा पाहणारा ठरला.

त्या साठ्याचे मोल पावसाळ्यात कळते. झड लागली की माश्यांचे बाहेर पडणे थांबते, राणीचे अंडी घालणे मंदावते आणि उपाशी सातेरी सरळ पेटी सोडून निघून जाते. दुसरा शत्रू मेणकिडा. सातेरी जुने मेण कुरतडून टाकते व त्याचा भुगा तळपाटावर साचतो. आषाढात पेटी उघडली असता त्याच भुग्यात पांढुरक्या अळ्या आणि पोळ्यातून आरपार गेलेली कोळिष्टकासारखी जाळी आढळली. तळपाट नियमाने झाडून, माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घेऊन आणि साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक देऊन बहुतेक वसाहती टिकवता आल्या. पाक सायंकाळीच द्यावा लागतो, कारण दिवसा त्याच्या वासाने शेजारच्या पेटीतील माश्या लुटीला येतात. प्रशिक्षणवर्गात मध काढण्याच्या प्रात्यक्षिकाला जी गर्दी होते, ती या पाठाला होत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

मेलिफेरा ही परदेशी माशी सातेरीहून कितीतरी अधिक मध देते. पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव न्याव्या लागतात आणि वाहतुकीचा तो खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो.

म्हणून पेट्या घेण्यापूर्वी शेतापासून एक-दीड किलोमीटरच्या परिघात कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते याची वर्षभर नोंद ठेवावी, आणि जे रकाने कोरे राहतील तेवढ्या महिन्यांच्या साखरेचा खर्च भांडवलातच धरावा.