रिटर्नचा रस्ता

‘पंखा सुरू आहे ना, मग हवा आहेच,’ असं खाणीत कुणी म्हणालं की माझा एकच प्रश्न असतो: कुठे आहे? पंखा असतो जमिनीवर, हवा बाहेर काढणाऱ्या शाफ्टच्या तोंडाशी. कोळसा तोडणारा माणूस असतो तिथून दीड-दोन किलोमीटर आत. दोघांच्या मधे दारं असतात, विटांच्या भिंती असतात, कापडी पडदे असतात, आणि जिथे कुणी सहसा फिरकत नाही असे रस्ते असतात. विदर्भातल्या भूमिगत कोळसा खाणींत व्हेंटिलेशन ऑफिसर म्हणून माझी नोकरी झाली. माझं काम म्हणजे त्या मधल्या रस्त्यांची काळजी वाहणं.

आपल्याकडच्या बहुतेक खाणींत मुख्य पंखा हवा आत ढकलत नाही, बाहेर खेचतो. त्यामुळे ताजी हवा उताराच्या रस्त्यानं, म्हणजे इनक्लाइननं, आत येते, वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे कामाच्या विभागांत, वाटली जाते, फेसवरचा, म्हणजे कोळसा तोडण्याच्या जागेवरचा, वायू, धूळ आणि सुरुंगाचा धूर घेऊन रिटर्नच्या रस्त्यानं परत फिरते. येण्याच्या रस्त्याला इनटेक म्हणतात. तिथे दिवे असतात, बेल्ट असतो, माणसांची ये-जा असते, साहेबलोकांची भेटही तिथेच असते. रिटर्नमध्ये यातलं काहीच नसतं. तिथली हवा कोंदट आणि गरम, लाकडी टेकूंवर पांढरी बुरशी लोंबते, पायाखाली चिखल. कोळसा जिथून निघत नाही त्या रस्त्याकडे लक्षही कमीच जातं. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे आणि ते मला कधीच पटलं नाही.

हवा किती हवी, याबद्दल कायदा नेमका आहे. सर्वांत मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला किमान 6 घनमीटर, किंवा रोजच्या उत्पादनातल्या दर टनामागे अडीच घनमीटर, यांतलं जे जास्त असेल ते. ऑक्सिजन 19 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर. मिथेन रिटर्नमध्ये 0.75 टक्क्यांपर्यंत आणि खाणीत कुठेही 1.25 टक्क्यांपर्यंतच, त्याच्या वर गेला की वीज तोडायची. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीसरशी स्फोट होतो, म्हणजे 1.25 ही धोक्याच्या बरीच अलीकडे आखलेली रेघ आहे. ती इतकी अलीकडे का, हे नवीन पोरांना सांगताना मी धोरीचं नाव घेतो. 1965 च्या मे महिन्यात धोरी कोळसा खाणीच्या स्फोटात 268 माणसं गेली. खाणीत पेट एका ठिकाणी घेतला तरी रस्त्यात साठलेली कोळशाची धूळ उडते आणि ती धूळच पुढे पेटत जाते. म्हणून वायू हटवणारी हवा आणि धूळ दाबणारं पाणी व दगडाची भुकटी ही एकाच कामाची दोन अंगं आहेत.

हवा मोजायला साधन साधंच असतं, ॲनिमोमीटर. तळहाताएवढं चक्र, पातळ पत्र्याच्या पात्यांचं. ज्या जागी मोजायचं ती जागा ठरलेली असते. भिंतींना चुना मारलेला, रुंदी-उंची मोजून ठेवलेली, फळा टांगलेला. मोजणाऱ्यानं हवेला आडवं उभं राहायचं आणि हात पूर्ण लांब करायचा. रस्त्याच्या मधोमध छाती काढून उभं राहिलं तर आपल्याच अंगानं रस्ता अरुंद होतो, बाजूनं हवा जोरात सरकते आणि आकडा उगाच मोठा येतो. चक्र छतापासून तळापर्यंत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सारख्या वेगानं फिरवायचं, मिनिटभर. मग वेग गुणिले क्षेत्रफळ. हे सगळं मी हातानंच शिकलो, आणि कितीही यंत्रं आली तरी हे हातानं करता आलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो पावसाळ्यातला. पावसाळा खाणीला वाईट. बाहेरची दमट हवा आत येऊन थंड होते, छताला पाणी सुटतं, शेलचा थर फुगतो आणि सुटून पडतो. शिवाय हवेचा दाब उतरला की बंद केलेल्या जुन्या भागांतून, गोफमधून, वायू बाहेर यायला लागतो. पहिल्या पाळीत मी एका डिस्ट्रिक्टला गेलो तर तिथला सरदार, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, माझ्याहून वयानं मोठा माणूस, टोपी काढून कपाळ पुसत म्हणाला, “साहेब, आज घाम सुकूनच नाही राह्यला जी. हवा हाय, पण जड हाय.” खाणीत हयात घालवलेल्या माणसाचं असं वाक्य मी कधी वाऱ्यावर सोडत नाही. चक्र फिरवलं. त्या जागी मिनिटाला 620 घनमीटरच्या आसपास हवा मिळायची, मिळाली 450. त्या डिस्ट्रिक्टच्या उत्पादनाला 500 लागत होती. मिथेन मात्र 0.6, म्हणजे मर्यादेत.

असं झालं की पहिला संशय दारांवर. कुणी टब नेताना दार उघडं ठेवलं, तर ताजी हवा फेसपर्यंत न जाता तिथूनच रिटर्नमध्ये पळते. सगळी दारं पाहिली, बंद होती. पंखाघरात फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, “वॉटर गेज वाढलं न साहेब. 39 होतं, आता 47 मिलिमीटर. पंखा मस्त खेचून राह्यला.” शेजारी उभ्या असलेल्या अंडर मॅनेजरच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. मला मात्र घाम फुटला.

वॉटर गेज सांगतं ते दाबाचं अंतर: पंख्याला खेचायला किती जोर लागतो आहे ते. दार उघडं राहिलं असतं तर वाट सोपी होऊन गेज उतरलं असतं. गेज चढलं आणि हवा घटली, याचा अर्थ वाटेत कुठेतरी अडथळा आला आहे. इनटेक मी नुकताच चालून आलो होतो. उरला रिटर्न.

आणि त्याहून मोठी काळजी दुसरीच होती. त्या रिटर्नच्या कडेला, पंख्याच्या अंगाला, काम संपवून भिंती घालून बंद केलेला एक जुना गोफ होता. वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापणारा आहे. गोफमध्ये उरलेल्या चुऱ्याला थोडी थोडी हवा मिळत राहिली की तो आतल्या आत तापतो. अडथळा रिटर्नमध्ये असेल, तर त्याच्या पुढे पंख्याकडच्या भागात खेच वाढते आणि बंद भिंतींच्या दोन्ही बाजूंमधला दाबाचा फरक वाढतो. इनटेककडच्या भिंतीच्या फटींतून हवा गोफमध्ये शिरते आणि रिटर्नकडच्या भिंतीतून बाहेर पडते. म्हणजे माणसाला लागणारी हवा त्याला मिळत नव्हती, आणि आगीला मिळत होती.

मी काम थांबवलं. माणसं इनटेकच्या ताज्या हवेत आणून बसवली. यावर वाद झाला. टब भरलेले होते, पाळीचं टार्गेट बाकी होतं, आणि ‘मिथेन तर मर्यादेत आहे, शोध घ्या, तोवर फेस चालू द्या’ असं मला वरून सांगण्यात आलं. मी रजिस्टरमध्ये 450 लिहिलं, शेजारी 500 लिहिलं, वेळ टाकली, सही केली. त्यानंतर वाद संपला. लिहिलेल्या आकड्याला खाणीत मोठं वजन असतं. म्हणून जे मोजतात पण लिहीत नाहीत त्यांच्यावर मी आयुष्यभर चिडत आलो.

सरदार आणि मी रिटर्नमध्ये शिरलो. कमरेला सेल्फ रेस्क्यूअर, हातात मिथेनोमीटर आणि कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र. बरंच अंतर गेल्यावर आधी आवाज आला, बारीक शिट्टीसारखा. पुढे रस्ता भरला होता. छतातून शेलचा थर सुटून ढीग छताला टेकायला आला होता. तुटलेल्या दगडांच्या कडा ताज्या, करड्या, धूळही न बसलेल्या. ढिगाच्या माथ्यावर जेमतेम माणूस सरपटेल एवढी फट, आणि अख्ख्या डिस्ट्रिक्टची हवा त्या फटीतून शिट्टी वाजवत जात होती. अलीकडच्या बाजूला छतात एक खोबण पडली होती. मिथेन हवेपेक्षा हलका, तो अशा खोबणीत जाऊन बसतो. लांब काठीला प्रोब लावून वर धरला तर आकडा 2 टक्क्यांच्या पुढे गेला. तिथूनच मागे फिरलो आणि त्या भागाची वीज तोडायला लावली.

मग दुसऱ्या बाजूनं, पंख्याकडून, गोफच्या भिंतीपाशी गेलो. धुराची नळी विटांच्या सांध्याजवळ धरली की धूर बाहेर ढकलला जात होता. भिंतीतल्या नळीतून नमुना घेतला. अशा नमुन्यात आम्ही ग्रॅहमचं गुणोत्तर पाहतो: जेवढा ऑक्सिजन खर्ची पडला त्याच्या तुलनेत किती टक्के कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. त्या गोफचं ते नेहमी अर्ध्याच्या खाली असे. आता ते 1 च्या जवळ पोचलं होतं. 1 म्हणजे आत तापायला लागलं. 3 च्या पुढे आग धरूनच चालायचं.

पुढचे आठवडे कामाचे होते. एकीकडे छताला रूफ बोल्ट आणि गर्डर देत ढीग उपसला. दुसरीकडे गोफच्या भिंतींचं काम. ते आमच्या गवंड्यानं केलं. त्यानं सांधे खरवडून पुन्हा भरले, भिंत जिथे कोळशाच्या खांबाला भिडते तिथली खपली काढून खोलवर प्लास्टर घेतलं, आणि इनटेककडे पहिल्या भिंतीपुढे दुसरी भिंत घातली. एकेक वीट घालताना तो मागे हात धरून हवा जाणवते का पाहायचा. गेज उतरलं, फेसवर हवा परत आली, आणि गुणोत्तर हळूहळू खाली गेलं. कुणाला इजा झाली नाही. त्या गवंड्याचं नाव कुठल्याही अहवालात आलं नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

    

आता बऱ्याच खाणींत सेन्सर बसले आहेत. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, हवेचा वेग, सगळं जमिनीवरच्या पडद्यावर दिसतं. हे फार चांगलं झालं, पाळीतून एकदा मिळणारा आकडा आता दर मिनिटाला मिळतो. पण वेगाचा सेन्सर एका बिंदूवरचा वेग सांगतो, पूर्ण रस्त्याचा नाही. आणि ओल्या धुळीनं तो माखला की काय सांगेल त्याचा भरवसा नाही. शिवाय बसवणारे इनटेकला आणि फेसला आधी बसवतात, रिटर्नचा नंबर शेवटी लागतो. नवीन अधिकारी भेटायला येतात तेव्हा मी त्यांना एकाच कागदावर तीन आकडे मांडायला सांगतो: पंख्याचं वॉटर गेज, पंख्यातून जाणारी एकूण हवा, आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टला प्रत्यक्ष पोचणारी हवा. शेवटच्यांची बेरीज करून एकूणातून वजा करायची. जी हवा कुठेच सापडत नाही ती कोणत्या भिंतीतून, कोणत्या दारातून जाते आहे ते शोधायला मग पायी निघायचं, आणि सुरुवात रिटर्नपासून करायची.