वायमारपासून आठ किलोमीटर

परदेशप्रवासाची वर्णने मराठीत इतकी झाली आहेत की त्यांत आणखी एकाची भर घालण्याचे आम्हाला कारण नव्हते. मे २०२३ मध्ये पूर्व जर्मनीत केलेल्या मोटारप्रवासाबद्दल म्हणूनच आम्ही काही लिहिले नाही. आता लिहितो आहोत ते एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलेल्या प्रश्नामुळे.

गाडीत आम्ही चौघे होतो. मराठी शिकवणारे आम्ही दोघे, शहात्तर वर्षांचे बाबा आणि गाडी चालवणारी, ड्रेस्डेनला नोकरी करणारी आमची भाची. बाबांनी तालुक्याच्या गावी चौतीस वर्षे संस्कृत शिकवले. 'शाकुंतला'चा चौथा अंक शिकवताना दरवर्षी त्यांचा आवाज कातर होई, असे त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. कालिदासाला डोक्यावर घेणाऱ्या गटेचे घर पाहायचे, एवढीच त्यांची मागणी होती. बाकीची शहरे आम्ही आपल्या हौसेने जोडली.

ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे १९४५ च्या फेब्रुवारीतल्या बॉम्बफेकीनंतर कोसळले आणि २००५ मध्ये पुन्हा खुले झाले. नव्या फिकट दगडांत जुने काळवंडलेले दगड बसवले आहेत. गोधडीत जुन्या लुगड्यांचे तुकडे ओळखू यावेत तसे ते दिसतात. लाइपझिगला बाखची कबर पाहिली आणि 'फाउस्ट'मध्ये येणारे तळघर बाहेरूनच पाहिले. दुतर्फा पिवळीधमक शेते होती. बाबा त्यांना मोहरीच म्हणत राहिले. मागच्या सीटवर दशम्या आणि लसणाची चटणी फिरत होती. अशा प्रवासात माणूस जितका सुखी असतो तितके आम्ही होतो.

वायमारमध्ये गटे १७७५ साली आला आणि १८३२ साली तिथेच वारला. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये 'शाकुंतल' इंग्रजीत नेले, त्यावरून गेऑर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये ते जर्मनमध्ये आणले, आणि ते वाचून गटे हरखून गेला. 'फाउस्ट'च्या आरंभीचा रंगभूमीवरचा प्रवेश संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेवरून सुचला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. याच गावी १८२७ मध्ये, एक चिनी कादंबरी वाचल्यानंतर, त्याने एकरमनला सांगितले की आता विश्वसाहित्याचे युग येत आहे. तौलनिक साहित्याच्या पहिल्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे हाच दाखला देत आलो. त्या साध्या, ठेंगण्या अभ्यासिकेच्या दाराशी बाबा बराच वेळ उभे राहिले. "कालिदास इथवर केव्हाच पोचला," ते म्हणाले, "आपल्यालाच उशीर झाला."

तिथून आम्ही डचेस आना आमालिया ग्रंथालयात गेलो. गटे अनेक वर्षे या ग्रंथालयाचा कारभार पाहत होता. २ सप्टेंबर २००४ च्या रात्री त्याला आग लागली. सुमारे पन्नास हजार ग्रंथ जळाले, आणखी बासष्ट हजारांची आगीने नि पाण्याने हानी झाली. गावातल्या लोकांनी रांग धरून हातोहात पुस्तके बाहेर काढली. अर्धवट जळालेली पाने एकेक करून दुरुस्त करण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. भाची हे सांगत असताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्याच वर्षीच्या ५ जानेवारीला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला होता आणि त्याने तिथल्या ग्रंथांची, पोथ्यांची नासधूस केली होती. वायमारची आग हा अपघात होता; पुण्यात घडले ते माणसांनी केले होते. आम्ही तेव्हा पुण्यातच एम.ए. करीत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात ठरलेली कविता ठरल्याप्रमाणे शिकवली गेली. आम्ही टिपणे घेतली आणि परीक्षेबद्दल बोलत चहाला गेलो. गप्प राहा, असे आम्हाला कुणीही सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एटर्सबर्गच्या टेकडीवर जायचे होते. बाबांनी हॉटेलात थांबावे, असे आम्ही सुचवून पाहिले. त्यांनी मफलर गुंडाळला आणि ते गाडीत जाऊन बसले.

वायमारपासून हे अंतर अवघे आठ किलोमीटर आहे. मुख्य रस्ता सोडून झाडीत शिरणारा शेवटचा रस्ता कैद्यांकडून बांधून घेतलेला आहे. कैद्यांनीच त्याला 'रक्ताचा रस्ता' असे नाव दिले होते. त्या रस्त्यावरून आपली गाडी सुरळीत चालली आहे, या जाणिवेने भाचीने वेग अगदी कमी केला. बुखेनवाल्ड म्हणजे बीच वृक्षांचे वन. या वनात गटे फिरायला येत असे. १९३७ च्या जुलैत इथे छावणी सुरू झाली तेव्हा तिला आधी टेकडीचेच नाव होते. वायमारमधल्या नाझी सांस्कृतिक मंडळाने त्यावर हरकत घेतली. एटर्सबर्ग हे नाव गटेशी निगडित आहे, ते छावणीला नको, असे त्यांचे म्हणणे होते. हरकत मान्य झाली आणि नाव बदलले. हरकत नावाला होती, छावणीला नव्हती.

माहितीफलकाजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. गटेच्या नावाला धक्का लागू नये म्हणून झटणारी ती माणसे अडाणी नव्हती. त्यांनी गटे वाचलेला असणार. कदाचित आमच्यासारखाच शिकवलेलाही असेल. १९४५ पर्यंत या छावणीत सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसे डांबली गेली. त्यांतली छप्पन्न हजारांहून अधिक मेली. फाटकावर लोखंडी अक्षरांत लिहिले आहे, 'ज्याला त्याचे'. ती अक्षरे आतल्या माणसाला वाचता येतील अशी बसवली आहेत. त्यांची घडण बाउहाउसमध्ये शिकलेल्या एका कैद्याकडून करवून घेतली होती. अक्षरे सुंदर आहेत, हे नाकारता येत नाही.

"इथून ते गाव दिसतं का गं?" बाबांनी विचारले.

"नाही आजोबा. छावणी पलीकडच्या उतारावर आहे."

"धूर दिसत असेल," बाबा म्हणाले.

छावणी मुक्त झाल्यावर पाच दिवसांनी, १६ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकन सैन्याने वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना इथे आणून सगळे पाहायला लावले. आम्हाला ठाऊक नव्हते, असे सांगणारे पुष्कळ निघाले. पुण्यातला आमचा तो तास आणि ही टेकडी यांची तुलना करण्याइतके आम्ही बेजबाबदार नाही. पण न बोलण्याची सवय अंगी कशी मुरते, ते आम्हाला ठाऊक होते, आणि ते वर्गातच मुरले होते.

हजेरीच्या मैदानावर जमिनीत बसवलेला धातूचा एक सपाट फलक आहे. होर्स्ट होहाइझेल या कलावंताने १९९५ मध्ये घडवलेला हा फलक बाराही महिने ३७ अंश सेल्सियसवर ठेवला जातो. बर्फ पडले तरी त्यावर ते टिकत नाही. त्या सकाळी बारीक पाऊस होता, वारा बोचत होता. बाबा गुडघ्यांवर हात टेकत कसेबसे खाली बसले आणि त्यांनी त्यावर तळवा ठेवला. "अंगाइतकं गरम आहे," ते म्हणाले. मग आम्ही तिघांनीही हात ठेवला. बोलण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतर आयझेनाखला गेलो. वार्टबुर्गचा किल्ला पाहिला. लूथरने १५२१-२२ च्या हिवाळ्यात तिथे नवा करार लोकांच्या भाषेत आणला. आम्ही एकनाथांची आठवण काढली, छायाचित्रे घेतली. एरवी गाडीत काही ना काही म्हणत राहणारे बाबा वाटेत एकही श्लोक म्हणाले नाहीत.

यंदा तौलनिक साहित्याच्या पहिल्या तासाला आम्ही विश्वसाहित्याचा तो दाखला दिला आणि त्याला जोडून आठ किलोमीटरचे हे अंतरही सांगितले. एका विद्यार्थिनीने विचारले, "वाचूनसवरूनही माणसं अशी वागली, तर मग आम्ही हे शिकायचं कशासाठी?" साहित्याने माणूस घडतो, हे उत्तर आमच्या जिभेवर होते. ते आम्हाला देववेना. आम्ही त्या फलकाबद्दल सांगितले. तो आपोआप ऊबदार राहत नाही. कुणीतरी रोज ते पाहावे लागते. आणि पहिल्यांदाच, २००४ च्या जानेवारीतल्या त्या तासाबद्दलही सांगितले.

तिचे समाधान झालेले दिसले नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रातले एक कात्रण घेऊन आली आणि यावर बोलायचे का, असे तिने विचारले. त्या दिवशी ठरलेली कविता शिकवायची राहिली.