मागचा टाळ

भजनी मंडळाच्या कार्यक्रमांची नोंद कुणी ठेवत नाही. गणपतीतलं रात्रीचं भजन, सप्ताहातला जागर, दसऱ्याआधी गाडीच्या डब्याला झेंडूचं तोरण बांधून केलेली पूजा, सगळं गाऊन झालं की संपलं. माझ्यापाशी त्यातला पितळी टाळ तेवढा उरलाय. त्याची दोरी अनेकदा बदलली. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात.

तो आजोबांचा. देवळात बुवा पेटीवर, शेजारी पखवाज, बाकीचे टाळकरी मागे आणि त्यांच्यात मी. आधी रूपाचा अभंग, पुढे गौळण, शेवटी भैरवी. बुवांनी ओळ सोडायची, आम्ही उचलायची. मी जोरात वाजवू लागलो की आजोबा माझा हात धरायचे. ‘‘आधी ऐक रे, मग वाजव.’’

नोकरी लागल्यावर टाळ पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी गेला. पालघरहून मुंबई गाठायला तेव्हा शटल नाहीतर लांब पल्ल्याच्या गाड्या. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. गाडीतही आमचं भजन चालायचं, पण तिथे पखवाज कुठून असणार? पत्र्यावर थाप पडायची. कुणी रात्रपाळी करून डुलक्या घेत असला, तर टाळाची कड बोटांत दाबून नाद मारायचा, हा आमचा अलिखित नियम.

खरी परीक्षा सफाळे सुटल्यावर. वैतरणेचे दोन पूल, मधे वाढीव बेट. गाडी पुलावर चढली की खडखडाटात बुवांचा आवाज पार बुडायचा. अशा वेळी शेजाऱ्याच्या हाताकडे बघून टाळ चालू ठेवायचा. पूल सरला की बुवांचा सूर पुन्हा वर यायचा, आणि सगळे नेमके समेवर भेटायचे. कधी नाहीच भेटलो तर हसून ध्रुपद पुन्हा धरायचं. वैतरणा स्टेशनात चढणारे दारातूनच ओळ उचलायचे. त्यांना अभंग कुठला, हे विचारावं लागत नसे.

आता मोबाइलवर भजनं पाहतो. कॅमेरा बुवांच्या चेहऱ्यावर असतो, मागची माणसं चौकटीबाहेर. पण पुलावर भजन तुटू दिलं नाही ते त्यांनीच.

तुमच्या गावात मंडळ असेल तर एकदा मागे जाऊन बसा. गळा नसला तरी चालेल. बुवा मिळतात हो, ओळ उचलणारे कमी पडतात.